आमवाताच्या रुग्णांनी ऐकू कमी येऊ लागल्यास काय करावे

संधिवात हा शब्द आपल्याकडे म्हातारपणी झिजलेल्या गुडघ्यापासून तिशीतच सुजलेल्या बोटांपर्यंत सरसकट वापरला जातो. येथे मात्र ज्याला डॉक्टर रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, तो आमवातच अभिप्रेत आहे. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. अशा रुग्णाला ऐकू कमी येऊ लागले की घरचे लोक ते वयावर ढकलतात, आणि रुग्ण चाळिशीतली गृहिणी असेल तर 'हिचे लक्षच नसते' असे म्हणून मोकळे होतात. असा निष्कर्ष कानांची तपासणी होण्यापूर्वी काढू नये.

कानाच्या पडद्यामागची हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे आपण शाळेत पाठ केलेली असतात. पण त्यांना जोडणारे दोन सांधे गुडघ्याप्रमाणेच अस्तर असलेले खरेखुरे सांधे आहेत, हे सहसा कोणी सांगत नाही. आमवाताचा दाह तेथेही पोहोचू शकतो आणि हाडांची हालचाल बिघडू शकते. तरीही या रुग्णांत अधिक आढळते ते आतल्या कानातील, म्हणजे कर्णावर्त (आवाज टिपणारी शंखाकृती नळी) आणि श्रवणचेता (आवाजाचा संदेश मेंदूकडे नेणारी नस) यांच्याशी संबंधित असलेले बहिरेपण. सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा दाह, प्रतिकारयंत्रणेचा थेट आघात आणि काही औषधे ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात. त्यात बहुधा उच्च पट्टीचे आवाज आधी हरवतात, म्हणून माणूस 'आवाज येतो पण शब्द कळत नाहीत' अशी तक्रार करतो. भाजीवाल्याने 'साठ' म्हटलेले 'आठ' ऐकू येणे, लहान मुलांचे बोलणे न उमगणे, पंखा चालू असताना संवाद निसटणे या खुणा दिसल्या की थांबू नये.

पहिली पायरी म्हणजे वहीत नोंद करणे. त्रास एका कानात आहे की दोन्ही, कधीपासून आहे, कानात गुंई असा आवाज येतो का, चक्कर येते का, आणि त्याच सुमारास कोणते औषध सुरू झाले किंवा वाढवले गेले, एवढे लिहून ठेवावे. यातला शेवटचा मुद्दा सर्वांत उपयोगी ठरतो. ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रेने कानात आवाज येऊन ऐकू कमी होते, पण मात्रा कमी केल्यावर ते बहुधा पूर्ववत होते. हृदयासाठी रोज घेतली जाणारी ७५ मिलिग्रॅमची गोळी सहसा या गटात येत नाही. आमवातावरचे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध घेणाऱ्यांना डोळे तपासून घेण्याची सूचना मिळते, पण क्वचित त्याचा परिणाम कानांवरही होतो, याची आठवण करून देणारे कमी असतात. क्षयरोग किंवा गंभीर जंतुसंसर्गासाठी स्ट्रेप्टोमायसिन, ॲमिकासिन, जेंटामायसिन यांपैकी एखादे इंजेक्शन झाले असेल तर तेही लिहावे, कारण त्यांनी झालेली हानी बहुधा कायमची असते. मात्र संशय आला म्हणून आमवाताची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. आजार उसळला तर सांध्यांचे नुकसान भरून निघत नाही. औषध बदलायचे की नाही, हा निर्णय संधिवाततज्ज्ञाचा आहे.

दुसरी पायरी कान-नाक-घसा तज्ज्ञाची. पुष्कळदा साठलेला मळ हेच कारण निघते आणि प्रश्न तेथेच मिटतो. मळ काढण्यासाठी घरी काडी घालू नये आणि लसूण घालून कढवलेले तेलही सोडू नये. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना कानात बुरशी किंवा जंतू वाढले तर ते सहज आटोक्यात येत नाहीत. कान दुखत असेल तर जबडा हलवल्यावर दुखणे वाढते का, हेही डॉक्टरांना सांगावे. जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढेच असतो आणि आमवातात तो दुखला की रुग्णाला कानच दुखतो असे वाटते.

त्यानंतर ऑडिओमेट्री करून घ्यावी. आवाजबंद खोलीत २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकवून, कोणता सूर किती डेसिबलला ऐकू येतो याचा आलेख काढला जातो. मधल्या कानाची हालचाल मोजणारी टिंपॅनोमेट्रीही सोबत करावी, म्हणजे अडथळा पडद्यामागच्या हाडांत आहे की आत, हे समजण्यास मदत होते. माझे मत असे, की आमवाताचे निदान झाल्यावर तक्रार नसतानाही एकदा हा आलेख काढून ठेवावा. पुढे कधी बिघाड झाला तर तुलनेला आधार राहतो.

एका प्रसंगी मात्र वही, नोंद, सोयीची वेळ हे सारे बाजूला ठेवावे. एका कानाचे ऐकणे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक घसरले, तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जावे. अशा वेळी स्टेरॉइडचा उपचार जितक्या लवकर सुरू होईल तितका लाभ अधिक, आणि पहिल्या दोन आठवड्यांनंतर त्याचा उपयोग बराच कमी होतो. आमवातासाठी आधीच कमी मात्रेत स्टेरॉइड चालू असले तरी 'ते तर घेतच आहे' असे समजून थांबू नये.

श्रवणयंत्र घ्यायचे ठरल्यास कानाइतकाच विचार बोटांचा करावा. दुकानात कौतुकाने दाखवले जाणारे, कानात दिसेनासे होणारे छोटे यंत्र वाकड्या, दुखऱ्या बोटांना रोज छळते. त्याची मसुराच्या दाण्याएवढी बॅटरी बदलणे हे तर मोठेच कष्ट. त्यापेक्षा कानामागे बसणारे, चार्जरवर नुसते ठेवता येणारे आणि आवाज रिमोटने किंवा मोबाइलवरून कमीजास्त करता येणारे यंत्र बरे. यंत्राच्या कानात बसणाऱ्या साच्याला ओढून काढण्यासाठी दोरी लावून मागावी. खांदा आखडलेला असेल तर हात कानापर्यंत नेणेच अवघड असते, म्हणून यंत्र विकत घेण्यापूर्वी ऑडिओलॉजिस्टसमोर (श्रवणतज्ज्ञासमोर) ते स्वतः चार-पाच वेळा घालून आणि काढून पाहावे. शक्यतो ही चाचणी सकाळी, बोटे ताठर असताना करावी. दुपारी जमलेले सकाळी जमेलच असे नाही.

घरच्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मानेचे सांधे धरलेल्या माणसाला चांगला कान बोलणाऱ्याकडे वळवता येत नाही. म्हणून मागून हाक मारण्याऐवजी समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड पडेल असे बसून बोलावे, आणि जेवणाच्या वेळी त्यांची खुर्ची सर्वजण समोर दिसतील अशी टेबलाच्या टोकाला ठेवावी.

खर्चाची अडचण असेल तर मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग या वाचा व श्रवणदोषांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत श्रवण तपासणीची सोय आहे. २०१७ सालच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत आर्थिक अटींत बसणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांना श्रवणयंत्र मोफत दिले जाते. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करताना मूळ ऑडिओग्राम, म्हणजे ऑडिओमेट्रीचा आलेख, सोबत न्यावा, कारण २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील श्रवणदोषाची व्याख्या दोन्ही कानांच्या डेसिबलच्या आकड्यावर बेतलेली आहे: बोलण्याच्या पट्टीतील ६० ते ७० डेसिबलची घट म्हणजे ऐकू कमी येणे, आणि ७० डेसिबलची म्हणजे बहिरेपण.