पातळ पॉलिमर थरावर सुरकुत्या पाडताना या चुका टाळा

जानेवारी उजाडला की आमच्या नाशिकच्या लॅबमध्ये एमएस्सीच्या प्रोजेक्टवाल्या मुलांची एकच तक्रार असते: "मॅडम, सुरकुत्या येतच नाहीत." कृती तशी सोपी वाटते. पीडीएमएस म्हणजे सिलिकोन रबराची पट्टी ओढून धरायची, तिच्यावर पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचा कडक, पातळ थर चढवायचा आणि पट्टी हळूहळू सोडायची. रबर आकसतं, थराला तेवढं आकसता येत नाही, मग तो ओढीच्या दिशेला आडव्या लाटा काढून जागा करून घेतो. पण बिघाड बहुतेक वेळा ओढण्याच्या आधीच होऊन बसलेला असतो.

सुरुवात रबरापासून करा. सिल्गार्ड १८४ हे दोन भागांत मिळणारं पीडीएमएस; मूळ द्रव आणि हार्डनरचं १०:१ प्रमाण वजनाने घ्यायचं, अंदाजाने ओतायचं नाही. २५ अंशांवर ते ४८ तासांत घट्ट होतं, हे खरं. पण निफाडला पारा उतरतो त्या आठवड्यात आमच्या खोलीत २५ अंश कुठून येणार? पट्टी वरून कोरडी दिसते, आतून कच्चीच राहते. मी ७० अंशांवर ओव्हनमध्ये चार तास ठेवते, आणि मध्ये लाईट गेली तर किती वेळ गेली ते वहीत टिपते. रबर किती पिकलं यावर त्याचा कडकपणा ठरतो, आणि त्यावर सुरकुत्यांची रुंदी. दोन बॅचची तुलना करायची तर हे सांभाळावंच लागतं.

एकदा माझी अख्खी बॅच कडेने चिकट राहिली. पुन्हा मोजलं, हार्डनरची नवी बाटली फोडली, तरी तेच. शेवटी नजर हातांकडे गेली: लेटेक्सचे हातमोजे! त्यातलं गंधक रबर घट्ट करणाऱ्या प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाला निकामी करतं. तेव्हापासून आमच्याकडे नायट्राइलचेच मोजे.

दुसरी हमखास चूक म्हणजे टोल्युइनमध्ये विरघळवलेलं पॉलिस्टायरीन थेट पीडीएमएसवर स्पिन कोट करणं, म्हणजे गरगर फिरवून पसरवणं. टोल्युइन रबरात मुरतं, पट्टी फुगून वाकते आणि पुढचं सगळं मुसळ केरात. थर ताज्या सोललेल्या अभ्रकावर काढा, वाळवा, ओढलेल्या पट्टीवर उपडा टेकवा आणि पाण्यात सोडा. पाणी अभ्रक आणि थराच्या फटीत शिरतं, थर पट्टीवर राहतो. खाली बुडबुडा अडकला तर तेवढा भाग मोजणीतून वगळा. दाबून काढायला गेलात तर थर फाटतो.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारा गैरसमज: रुंद सुरकुत्या हव्यात म्हणून पट्टी आणखी ओढायची. ताण थोडा असतो तोवर दोन लाटांमधलं अंतर ठरतं ते थराच्या जाडीवर आणि थर-रबराच्या कडकपणाच्या गुणोत्तराच्या घनमुळावर. १०० नॅनोमीटर पॉलिस्टायरीन आणि सुमारे २ मेगापास्कलचं रबर घेतलं तर हे अंतर ४.७ मायक्रॉनच्या आसपास येतं. ताण अर्ध्या टक्क्याच्याही आत असताना सुरकुत्या उठायला लागतात. पुढे ओढ वाढवली की वाढते ती प्रामुख्याने उंची. अंतर बदलायचं असेल तर द्रावणाची तीव्रता किंवा स्पिनरचा वेग बदला.

जास्त ओढल्यावर मिळतात त्या भेगा. पट्टी सोडताना लांबीत आकसते तशी रुंदीत पसरते, त्यामुळे थर आडवा ताणला जाऊन फाटतो आणि भेगा ओढीच्याच दिशेने धावतात. सुरकुत्यांना काटकोनात रेषा दिसल्या तर त्या भेगाच समजा. दोन-तीन टक्क्यांवर थांबा, स्क्रू सावकाश सैल करा. क्लॅम्पमध्ये पट्टी घसरते, म्हणून स्क्रूच्या आट्यांवर भिस्त नको: मधोमध पेनाने २० मिलिमीटरवर दोन खुणा करा आणि त्यांच्यातलं अंतर व्हर्नियरने मोजा. कडेपाशी सुरकुत्या वळतात, तिथलं माप घेऊ नका.

मायक्रोस्कोपसाठी नंबर लागेपर्यंत लाटांमधलं अंतर तपासायला लाल लेझर पॉइंटर पुरतो. पट्टीतून किरण एक मीटरवरच्या भिंतीवर पाडा: ४.७ मायक्रॉनला मधल्या ठिपक्यापासून दोन्ही बाजूंना साधारण १४ सेंटीमीटरवर ठिपके हवेत. त्याऐवजी गोल कडं उमटलं तर सुरकुत्या मनुक्यासारख्या सगळ्या दिशांना पडल्यात. गार होताना रबर सगळ्या बाजूंनी आकसतं, म्हणून अशा वेळी आधी विचारा, थर चढवताना पट्टी ओव्हनमधून नुकतीच काढलेली, गरमच होती का?