छोटी गाडी घेताय? आधी घरची माणसं बसवून बघा

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले मोकळ्या रस्त्यावर नेतात. तिथे कुठलीही गाडी लोण्यासारखी पळते. आपण चार माणसं बसवून, एसी चालू ठेवून न्यायची. उड्डाणपुलाच्या चढावर वेग मुद्दाम कमी करून तिसऱ्या गिअरमध्येच पुन्हा उचला. तिथे १२०० सीसीचं इंजिन कुंथलं, तर कसारा घाटात काय होणार! मग नाशिकच्या रविवार कारंजाच्या गर्दीत दहा मिनिटं. क्लच जड असेल, तर डावा पाय लगेच बोलतो. मागे आईला बसवा. गुडघे पुढच्या सीटला टेकले, की त्र्यंबकेश्वरही लांब वाटतं. डिकीचे लिटर वाचू नका, घरची मोठी बॅग सोबत न्या. बऱ्याच सीएनजी गाड्यांत डिकीची बरीचशी जागा सिलिंडरच खातो. आमची बॅग शेवटी मांडीवर आली.