नाताळचा रम केक: यंदा तरी या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की फोन सुरू होतात. "ताई, केकला आंबूस वास येतोय." "ताई, सगळी फळं तळाला बसली." आणि हमखास येणारा तिसरा: "ताई, परवा केक करायचाय, फळं आज भिजवली तर चालतील ना?" नाही चालत. नाताळची फळं गणपती उठले की भिजत घालायची, फार तर दसऱ्यापर्यंत. दिवाळीनंतर आठवण झाली तरी निभावतं. थेट २३ डिसेंबरला जाग आली असेल, तर फळं रात्रभर संत्र्याच्या रसात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि तो केक करा. चांगला लागतो. फक्त पाहुण्यांना रम केक म्हणून वाढू नका.

मला सगळ्यात जास्त चिडवणारी चूक म्हणजे रम वाचवणं. आपल्याकडची नेहमीची काळी रम ४२.८ टक्के अल्कोहोलची असते. मनुके, बेदाणे, खजूर, अंजीर कपाटात महिनोन्महिने टिकतात ते त्या टक्क्यांच्या जोरावर. पण लोक काय करतात? कपभर सफरचंदाचा रस, वर चार चहाचे चमचे रम, "नुसता वास आला म्हणजे झालं." हे मिश्रण जेमतेम तीन-चार टक्क्यांचं, म्हणजे बहुतेक बिअरपेक्षाही हलकं. यीस्टला त्याचा काडीचा त्रास होत नाही. उलट फळांची साखर आयती मिळते आणि ते कामाला लागतं.

आमच्या सोसायटीतल्या एका उत्साही मुलीने हेच केलं. घरात अख्खी बाटली नको म्हणून शेजारून वाटीत थोडी रम मागून आणली, बाकी रस. रबर लावलेली, खिट्टीची घट्ट बरणी, ओट्यावर, ऑक्टोबरच्या उकाड्यात. आठवड्याभरात मला फोटो आला: काचेला लागून बारीक बुडबुडे वर चढतायत, मनुक्यांवर पांढरा फेस. खाली लिहिलेलं, "मस्त मुरतंय ना?" मी लगेच कळवलं की बरणीवर जाड टॉवेल टाक, तोंड लांब ठेव, खिट्टी हळूच सैल कर आणि आतलं सगळं फेकून दे. टॉवेलपर्यंत तिने वाचलंच नाही. खिट्टी एका झटक्यात उघडली. मनुके छताला, भिंतीला आणि पंख्याला. पंखा चालू होता. डोळ्यांना काही झालं नाही, हे नशीब.

माझी पद्धत अशी: मनुके-बेदाणे धुऊन पंच्यावर पसरायचे आणि हाताला ओल लागेनाशी होईपर्यंत पंख्याखाली ठेवायचे. अर्धा किलो फळांना साधारण ३०० मिली रम. फळं बुडलीच पाहिजेत. फुगून वर डोकावली की आणखी ओतायची. बरणी काचेची, पण लोणच्याची नको. ती कितीही घासा, केकला हिंग-मेथीचा वास येतोच. आठवड्यातून एकदा कोरड्या चमच्याने खालीवर करायचं. टुटीफ्रुटी आणि काजू-बदाम या बरणीत घालू नका. टुटीफ्रुटीचा रंग सगळ्या रमभर पसरतो आणि काजू मऊ पडतात. ते केकच्या दिवशी घाला. आणि हो, महाराष्ट्रात रम विकत घ्यायला २५ वर्षं पूर्ण असावी लागतात, परवानाही लागतो. केकसाठी आहे म्हणून कायदा सवलत देत नाही.

घाईवाल्यांचा आवडता शॉर्टकट म्हणजे रम गॅसवर तापवून त्यात फळं उकळणं. रमची वाफ पेट घेते आणि ज्योत तिथे हातभर अंतरावर असते. करूच नका. मायक्रोवेव्हमध्ये झाकण लावून तर मुळीच नको.

दुसरी चूक केक वाढताना होते, आणि तिची मला जास्त काळजी वाटते: "भाजताना दारू उडून जाते, काही उरत नाही." अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं आणि ओव्हन १५० वर असतो, मग राहील कसं, असा हिशेब लोक करतात. पण ते पाण्यात, साखरेत, फळांच्या गरात मुरलेलं असतं, आणि केकचा गाभा ओव्हनइतका कधी तापतच नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात मिश्रणात कालवून तासभर शिजवल्यावर साधारण २५ टक्के अल्कोहोल उरतं, अडीच तासांनी ५ टक्के. त्यातून आपण केक गार झाल्यावर सुईने टोचून वरून रम पाजतो, ती तर आगीजवळही गेलेली नसते. ती सगळीच्या सगळी तुमच्या ताटलीत येते.

ओळखीतल्या एका घरी नाताळला जावई आले होते. दारू सोडण्यासाठी त्यांना डायसल्फिरामची गोळी चालू होती. मुलीने आईला वेगळं बोलावून विचारलंही, "यात रम आहे का गं?" आईचं उत्तर, "अगं, होती. भाजल्यावर कुठली राहते?" दोन तुकडे खाल्ले आणि थोड्या वेळाने माणूस लालबुंद, छातीत धडधड, उलट्या. रात्र हॉस्पिटलमध्ये गेली. या गोळीवर थोडंसं अल्कोहोलही असं बाधतं. त्यामुळे माझ्याकडे रमच्या केकच्या प्रत्येक डब्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं. लहान मुलं, गरोदर बायका, दारू सोडलेले, धर्माने न घेणारे, यांच्यासाठी संत्र्याच्या रसाचा केक वेगळा. सुरीही वेगळी. "थोड्याने काय होतंय" म्हणणाऱ्यांना मी ऑर्डर देत नाही.

बाकीच्या चुका भराभर सांगते.

कॅरेमल करताना साखर गडद तपकिरी झाली की गॅस बंद करा. काळी होऊन धूर आला तर ओतून द्या. जळका कडवटपणा कशानेही झाकला जात नाही. त्यात पाणी गरमच घाला आणि लांबून घाला. गार पाण्याने ती अंगावर उडते.

फळं तळाला बसतात कारण ती निथळलेली नसतात किंवा पीठ पातळ असतं. चाळणीवर निथळा, मूठभर मैद्यात घोळवा. निथळलेली रम फेकू नका, तीच नंतर केकला पाजायला घ्या.

केक बाहेरून करपला, आत कच्चा, म्हणजे आच जास्त. सात इंची टिनला आतून दुहेरी कागद, १५० अंश, दीड ते दोन तास. मध्ये दार उघडून बघणाऱ्यांना मी स्वयंपाकघराबाहेर काढते.

केक थेट फॉइलमध्ये गुंडाळू नका. फळांच्या आंबटपणाने फॉइलला भोकं पडतात. आधी बटर पेपर, मग फॉइल.

पुडिंगवर रम ओतून ज्वाळा काढायची हौस असेल, तर रम आधी छोट्या वाटीत मोजून घ्या आणि बाटली बूच लावून दुसऱ्या खोलीत ठेवा. बाटलीतून थेट ओतलं की आग धारेवरून वर चढते. चिमणी बंद, केस बांधलेले, मोठं झाकण हाताशी.

गोव्याहून आणलेली पोर्ट वाईन मटणात घालू नका. ती गोड असते, रस्सा सरबतासारखा लागतो. साधी वाईन घालणार असाल तर ॲल्युमिनियमची कढई नको.

आइस्क्रीममध्ये रम सढळ हाताने घातली तर ते गोठत नाही. अर्धा लिटरला दोन मोठे चमचे पुरे.

आणि केक गरम असताना कापू नका, भुगा होतो. निदान एक रात्र जाऊ द्या.