डोळ्याचं जनुक स्वतः ताडून बघा

पॅक्स६ या जनुकाबद्दल मी वर्गात आधी काहीच सांगत नाही. विद्यार्थ्यांना सरळ संगणकापुढे बसवते. जनुकावरून बनणाऱ्या प्रथिनाची अक्षरं (एक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल, प्रथिनाच्या साखळीचा एक दुवा) स्वतः ताडली की प्रश्न आपोआप सुचतात, आणि मला तेच हवं असतं.

युनिप्रॉट हे प्रथिनांची माहिती देणारं मोफत संकेतस्थळ उघडा. शोधचौकटीत जनुकाचं नाव आणि ‘ह्यूमन’ असं रोमन लिपीत टाका. आलेल्यांपैकी तज्ज्ञांनी तपासलेली नोंदच घ्या. बाकीच्यांत अर्धवट तुकडे असतात, त्यांनी घोळ होतो. मग उंदराचं पॅक्स६ घ्या आणि फळमाशीचंही. माशीत या जनुकाला ‘आयलेस’ म्हणतात, कारण ते बिघडलं की डोळे बारीक होतात किंवा येतच नाहीत. तिन्ही नोंदी निवडून ‘अलाइन’ दाबा, म्हणजे तिन्ही साखळ्या एकाखाली एक जुळवून दिसतील.

माणूस आणि उंदीर: ४२२ अमिनो आम्लं, एकाचाही फरक नाही. हे पडद्यावर बघताना मला आजही भारावून जायला होतं. माशीचं प्रथिन मात्र जवळजवळ दुप्पट लांब, त्यामुळे मध्ये मोठ्या रिकाम्या जागा दिसतील. म्हणून एकूण साम्याची टक्केवारी इथे बघूच नका. सुरुवातीचा ‘पेअर्ड डोमेन’ नावाचा पट्टा शोधा. सुमारे १२८ अमिनो आम्लांच्या या पट्ट्यात माणूस आणि माशी ९४ टक्के जुळतात. हा डीएनएला धरणारा भाग. तो बदलला तर त्याच्या हुकमावर चालणारी कितीतरी जनुकं एकदम बिघडतील, म्हणून नैसर्गिक निवडीने तो जपला. १९९५ साली स्वित्झर्लंडमधल्या बासेलला जीवशास्त्रज्ञ वाल्टर गेरिंग यांच्या गटाने उंदराचं पॅक्स६ माशीच्या शरीरात भलत्याच जागी चालू केलं. तिथे डोळा उगवला, आणि तो माशीचाच होता.

‘म्हणजे आपल्या आणि माशीच्या पूर्वजाला तयार डोळा होता!’ असं लगेच कुणीतरी म्हणतं. तेव्हा मी चौथी नोंद घ्यायला लावते: सीनोरॅब्डायटिस एलेगन्स या गोलकृमीचं ‘व्हॅब-३’. हे त्याचं पॅक्स६, आणि त्याला डोळेच नाहीत! तिथे हे जनुक डोक्याच्या घडणीत काम करतं. आपल्यातही ते मेंदू, नाक आणि स्वादुपिंड घडवण्यात असतं. डोळा एकदा उगवला की अनेकदा, हे एकट्या पॅक्स६वरून ठरवता येत नाही.

त्यासाठी डोळ्याचे सुटे भाग तपासा. मी भिंगापासून सुरुवात करते. भिंग ज्या प्रथिनांनी भरलेलं असतं त्यांना क्रिस्टलिन म्हणतात. बदकाच्या भिंगातल्या एप्सिलॉन क्रिस्टलिनची नोंद उघडा. तिथेच लॅक्टेट डीहायड्रोजनेज बी हे विकराचं (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचं) नावही दिसेल. जनुक एकच, कामं दोन. मग ऑक्टोपसचं एस-क्रिस्टलिन बघा. ते ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज या वेगळ्याच विकराच्या कुळातलं आहे. म्हणजे या दोन भिंगांसाठी वेगवेगळी प्रथिनं कामाला लागली.