जुन्या संदर्भाची लिंक मुखपृष्ठावर जाते: वेबॅक मशीनमधून मूळ लेख कसा मिळाला

संदर्भयादीतली जुनी लिंक उघडली की लेखाऐवजी संकेतस्थळाचं मुखपृष्ठ यायचं. 'पान सापडले नाही' असंही दिसत नसल्याने तपासणीत लिंक चालूच ठरायची. ब्राउझरची कॅशे (तात्पुरत्या साठवलेल्या प्रती) पुसली, वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारं संकेतस्थळ) ताजी प्रत जतन केली, तिथंही मुखपृष्ठच. वैताग!

चाललं ते असं: वेबॅक मशीनच्या शोधचौकटीत लेखाचा पूर्ण मूळ पत्ता टाकला. कॅलेंडरमध्ये हिरवं वर्तुळ म्हणजे दुसरीकडे वळवलेलं पान (माझी ताजी प्रत यातलीच), निळं म्हणजे नीट जतन झालेलं. मागे जात शेवटचं निळं वर्तुळ निवडलं, तिथं दिसलेल्या जतन केल्याच्या वेळेवर क्लिक केलं, उद्धृत वाक्य त्यात आहे ना ते पाहिलं. मग ॲड्रेस बारमधला १४ अंकी वेळेसह पूर्ण पत्ता मूळ लिंकशेजारी नोंदवला. ते अंक वर्षापासून सेकंदापर्यंत असतात. एकही गाळू नका, नाहीतर दुसरीच प्रत उघडू शकते.