सुटकेची तारीख कळेल या भरवशावर राहू नका

तुरुंगात मानसिक आरोग्याचं काम करायला येत असाल, तर सुटकेनंतरच्या उपचारांची तयारी पहिल्याच भेटीत सुरू करा. मी केली नव्हती.

माझ्या वहीत सुटकेचं पान शेवटी असायचं. शिक्षा लागलेल्यांची तारीख साधारण ठाऊक असते, कच्च्या कैद्याची नसते. सकाळी तारखेला गेलेला माणूस जामीन झाला की परस्पर सुटू शकतो. माझा एक रुग्ण असाच गेला. पट्टा, घड्याळ, पाकीट त्याला परत मिळालं; क्लोझापिन हे त्याचं गंभीर मानसिक आजारावरचं औषध दवाखान्याच्या कपाटातच राहिलं. पाचव्या दिवशी घरात जुन्या गोळ्या सापडल्या आणि त्याने पूर्वीइतकाच डोस घेतला. उठायला गेला तो कोसळलाच.

क्लोझापिनमध्ये ४८ तासांहून जास्त खंड पडला, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढवत न्यावं लागतं. नाहीतर रक्तदाब झपकन उतरतो, झटकेही येऊ शकतात. मला हे पाठ होतं. त्याला मी सांगितलंच नव्हतं. तो वाचला. त्याच्या बहिणीचा प्रश्न अजून कानात आहे, "आम्हाला कुणी बोललं का नाही?"

तेव्हापासून मी एक कार्ड लिहिते. औषध, डोस, खंड पडल्यास काय करायचं, बाहेरचा दवाखाना. ते रुग्णाच्या कोर्टाच्या कागदांत ठेवते, कारण ते कागद तो कधीच मागे सोडत नाही. त्याची संमती असेल तर एक प्रत घरच्यांना. डोस बदलला की कार्ड नवं.

अफूजन्य पदार्थांचं व्यसन असेल तर आणखी जपा. आत राहून शरीराची सहनशक्ती उतरते आणि जुनी मात्रा जीव घेते. वॉशिंग्टन राज्यातल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या १२.७ पट आढळला होता.

दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र घेऊन बराकीत शिरू नका, तुमच्या चुकीची किंमत दुसरा मोजतो. मार्गदर्शक निवडताना पदव्या बघू नका. सुटलेल्या माणसाची खबर घेतो का, ते बघा. आणि घाबरूही नका. कैद्यांना कसं वागवावं हे सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांतला २४ वा नियम उपचारांत खंड पडू नये असंच सांगतो. कार्डासाठी परवानगी मागताना मला त्याचाच आधार झाला.

गेल्या महिन्यात एकजण कोर्टातूनच सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरच्या दवाखान्यातून फोन आला. डॉक्टर कार्ड समोर ठेवून विचारत होते, "शेवटची गोळी किती वाजता दिली होती?"