घराण्यातील मानसिक आजाराचा धोका कसा समजून घ्यावा

आई, वडील किंवा भावंडाला मानसिक आजार असेल, तर ‘मलाही होईल का?’ हा प्रश्न पडतोच. त्यासाठी प्रथम आजी-आजोबांपासून आपल्या पिढीपर्यंतचा वंशवृक्ष कागदावर मांडावा आणि प्रत्येकापुढे निदान, आजार सुरू झाला तेव्हाचे वय, व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न आणि ज्या औषधाने गुण आला ते औषध नोंदवावे. जुन्या पिढीत बहुधा निदान झालेलेच नसते. अशा वेळी ‘वेडसर’ हा शिक्का न लिहिता ‘महिनोन्महिने खोलीबाहेर येत नसत’ असे प्रत्यक्ष दिसलेले वर्तन लिहावे, कारण डॉक्टरांना उपयोग त्याचाच होतो.

यानंतर आकडे, आणि खरी गफलत इथेच होते. स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) होण्याची शक्यता सर्वसाधारण लोकांत सुमारे १ टक्का असते, तर आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असल्यास ती १० टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजेच अशा दहांपैकी नऊ मुलांना तो होत नाही. जनुके जवळजवळ सारखीच असलेल्या एकसारख्या जुळ्यांतही, एकाला हा आजार असताना दुसऱ्याला तो निम्म्याहून अधिक वेळा होत नाही. ‘स्किझोफ्रेनिया ८० टक्के आनुवंशिक आहे’ हे विधान, समाजात काहींना हा आजार होतो आणि काहींना नाही या फरकाचा किती भाग जनुकांमुळे असतो, याविषयी असते. त्यावरून ‘मला ८० टक्के धोका’ असा अर्थ काढणे साफ चूक आहे. नैराश्यात आनुवंशिकतेचे हेच प्रमाण ३५ ते ४० टक्के इतके कमी आहे.

या आजारांमागे बहुधा असंख्य जनुकीय फरक असतात आणि प्रत्येकाचा वाटा अगदी थोडा असतो. म्हणून घरबसल्या मिळणाऱ्या जनुकीय चाचणीवर पैसे घालवू नयेत, असे माझे मत आहे.

परिस्थितीचा भाग मात्र काही अंशी आपल्या हाती असतो. घराण्यात सायकोसिस (वास्तवाचे भान सुटण्याची अवस्था) असल्यास गांजा, विशेषतः किशोरवयात, पूर्णपणे टाळावा. बायपोलर आजाराचा (ज्यात उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येतात) इतिहास असल्यास झोपेच्या वेळा सांभाळाव्यात, कारण जागरणाने उन्मादाचा झटका सुरू होऊ शकतो. लहान मुलांच्या बाबतीत मारहाण, छळ आणि उपेक्षा यांपासून संरक्षण सर्वांत महत्त्वाचे, कारण या अनुभवांनी जवळजवळ प्रत्येक मानसिक आजाराचा धोका वाढतो. स्वतःला किंवा जवळच्या नातेवाईक स्त्रीला बायपोलर आजार असल्यास गरोदरपणातच प्रसूतितज्ज्ञांना तो वंशवृक्ष दाखवावा आणि चालू औषधे परस्पर बंद करू नयेत. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे विशेष जोखमीचे असतात.